हलत्या टेबलाचा परीक्षक

४ जून
आजपासून रोज सकाळी दोन तास फक्त अनुदानाचा प्रस्ताव. सरकार यंदा इंजिनिअरिंगच्या संशोधनाला आणि शिक्षणाला भरघोस निधी देतंय. माझ्या लॅबमधल्या हलत्या टेबलाला नवी मोटर हवी. त्यावर इमारतींची मॉडेल्स ठेवायची, भूकंपासारखी हलवायची आणि काय पडतं ते मुलांना दाखवायचं. तरुणपणी हे टेबल मी स्वतः बांधलंय, एकेक बोल्ट माझ्या हातचा. विभागप्रमुख म्हणाले, यंदा अनुदान आलं नाही तर लॅबची खोली काढून घेऊ. माणूस नव्हे, वाळवी आहे. बघतोच कशी काढतो.

५ जून
पेन्सिलींना टोकं केली. सुरुवात नीट झाली पाहिजे.

११ जून
मूड नाही. बायको म्हणाली, अहो, निदान शीर्षक तरी लिहा. ती बँकेत कर्जं नाकारते, तिला संशोधनातलं काय कळणार? गेल्या खेपेला माझा प्रस्ताव टायवाल्यानं पाडला. पलीकडच्या कॉलेजातला हा प्राध्यापक भर उकाड्यातही टाय लावतो. परीक्षकाचं नाव गुप्त असतं म्हणे. पण इतका विषारी माणूस दुसरा आहेच कोण?

१९ जून
ड्रोनबाई आली होती. माझीच जुनी विद्यार्थिनी, आता आमच्याच विभागात शिकवते. सदानकदा ड्रोन उडवत असते. टेबलाची मापं मागायला लागली. म्हटलं, आली चोरी करायला! सर, आपण दोघं मिळून, असं काहीतरी सुरू केलं तिनं, तेव्हा मी हात वर करून थांबवलं. मग कसल्याशा कागदावर सही मागितली. ब्याद टळावी म्हणून न वाचताच ठोकून दिली. माझ्या वेळेला किंमत आहे.

३० जून
मुदत संपली. सरकारची वेबसाइट बंद पडली असणार. मी उघडून पाहिली नाही, पण अनुभव आहे.

८ जुलै
घ्या! सरकारनं मलाच परीक्षक नेमलं. उशिरा का होईना, कदर झाली. एक प्रस्ताव आलाय, नावंगावं झाकलेली. 'अर्जदाराशी संबंध नाही' इथे खूण करून वाचायला बसलो तर काय, जुन्या हलत्या टेबलाला नवी मोटर! माझी कल्पना! हा टायवालाच. वाक्यावाक्याला टाय लावलेला दिसतोय. वर लिहितो, हे यंत्र बांधणारे ज्येष्ठ प्राध्यापक अत्यंत कल्पक आहेत. स्वतःच स्वतःची आरती ओवाळायची, जनाची नाही तर मनाची तरी? सुरू करताना डावीकडून लाथ घालावी लागते, अशीही कबुली दिलीय. माझ्या टेबलालाही घालावी लागते, पण त्यामागे शास्त्र आहे.

९ जुलै
सकाळी बसलो तो उठलोच नाही. चहा गार झाला. इतकं झणझणीत मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. शेवट तर असा: 'हे ज्येष्ठ प्राध्यापक म्हणजे गंजलेला बोल्ट आहेत. यंत्र भंगारात काढावं आणि खोली सायकली लावायला द्यावी.' बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, एवढं स्वतःसाठी लिहिलं असतंत तर? जळते.

२ सप्टेंबर
विभागाची मीटिंग. ड्रोनबाईचा प्रस्ताव नामंजूर. हिनंही केला होता तर! मनातल्या मनात पेढे वाटले. मग विभागप्रमुख वाळवीनं परीक्षकाचा अभिप्राय मोठ्यानं वाचायला घेतला. पहिलं वाक्य आवडलं. दुसरं ओळखीचं वाटलं. तिसऱ्याला कान गरम झाले. गंजलेला बोल्ट आला तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते.

ड्रोनबाई रडकुंडीला आली होती. म्हणाली, सर, तुमची लॅब वाचावी म्हणून तुमचंच नाव पहिलं टाकलं होतं, सही केली होतीत ना तुम्ही, इतकं घाण कोण लिहू शकतं हो? मी म्हणालो, टायवाला. वाळवी म्हणाला, कुणीतरी आपल्यातलाच प्राध्यापक असणार, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. पण सायकलींची सूचना चांगली आहे म्हणाला.

१० सप्टेंबर
टेबल गेलं. भंगारवाल्याला शेवटचा बोल्ट काही केल्या निघेना, तेव्हा पाना घेऊन मलाच वाकावं लागलं. माझ्याच हातचा पक्का बसवलेला. जराही गंजलेला नव्हता. फार वाईट वाटलं. ड्रोनबाईनं पाणी आणून दिलं, पाठीवर हातही ठेवला. तिला खरं सांगायचं ठरवलं होतं, पण घसा बसला. उद्या नक्की.

११ सप्टेंबर
घसा बसलेलाच आहे. सरकारचं पत्र आलं. आपल्या परखड अभिप्रायामुळे निर्णय सोपा झाला, आभारी आहोत. बायकोनं वाचलं, घडी घालून परत दिलं आणि टोकं केलेल्या पेन्सिली आवरून ठेवल्या.

सायकल घ्यायचा विचार आहे. लावायला जागा आहे.