जांभळ्या पानाची साडी

८ सप्टेंबर १९९७, सोमवार
पास! जयंतीभाईंनी माझं करडईचं फूल पास केलं. पहिलं सॅम्पल छापून दाखवलं तेव्हा पान जांभळं होतं. डिझाईन मास्तरांची हौस, माझी नव्हे. जयंतीभाईंनी चष्मा वर केला आणि विचारलं, "आ पांदडुं छे के रींगणुं?" पान आहे की वांगं! सगळं डिझाईन खातं हसलं, मास्तर सोडून. मग पान हिरवं केलं, काटे जरा बारीक केले, आज दुसरं सॅम्पल बघून ते गप्पच बसले. व्यापारी गप्प बसला की समजायचं आवडलं.

करडई कुणी साडीवर काढत नाही म्हणे. आमच्या चोपड्याकडे शेताच्या कडेने असते, काट्यांमुळे गुरं आत येत नाहीत. आप्पा बैलगाड्या रंगवायचे तेव्हा साटीवर हेच फूल काढायचे. ब्रश धरायला मी तिथेच शिकले, कुठल्या कॉलेजात नाही.

मिलच्या शेठनी बजावलं, माल बाजारात जाईपर्यंत बाहेर एक शब्द नाही. मला कशाला सांगता? आमच्या घरात तर हा कायदाच आहे. आमचे प्र. बमरोलीच्या मिलमध्ये स्क्रीन खात्यात, छपाईच्या चौकटी बनवतात तिथे, मी पांडेसऱ्याच्या मिलमध्ये ट्रेसिंगला. दोन मिली एकमेकींच्या वैरिणी. कामाला लागले त्या दिवशीच शेठना तोंडावर सांगितलं होतं, माझा नवरा तिकडे आहे, चालत असेल तर ठेवा. चाललं. तेव्हापासून कामाचं बोलणं उंबऱ्याबाहेर, चपलांबरोबर.

१७ सप्टेंबर, बुधवार
गणपती गेले, चाळ सुनी सुनी. शेजारच्या कोंडाबाईने विचारलं, तुमचं दोघांचं भांडण झालंय का, आवाजच येत नाही. काय सांगणार! दिवसभर जे केलं ते बोलायचं नाही, मग भाजीत मीठ आणि पाण्याची टाकी, एवढंच उरतं.

प्र. आज दमून आले. अर्जंट काम असावं. जेवताना एकदम म्हणाले, "आज एक काम उनं. काय हात शे त्यानावर!" आणि जीभ चावली. मी ऐकलंच नाही असं केलं. शेवभाजी वाढली. पण मनात जळफळाट झालाच, बमरोलीत कोण एवढं चांगलं काढायला लागलं?

३ ऑक्टोबर, शुक्रवार
अक्षर बघ कसं येतंय.

सकाळी जयंतीभाई आले आणि टेबलावर साडी आपटली. रिंगरोडच्या कापडबाजारातल्या दुकानातून आणलेली. माझी करडई. काटे तेच, पाकळ्या तशाच, कोपऱ्यातली मुरड तीच. आमचा माल अजून छापून व्हायचाय आणि नक्कल बाजारात विकायला! साडी बमरोलीच्या मिलमध्ये छापलेली.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेठना म्हणाले, "घरमांथी ज गयुं छे." घरातूनच गेलंय. कुणाच्या घरातून हे सांगायची गरज नव्हती. माझा नवरा कुठे आहे हे गेटवरच्या वॉचमनलासुद्धा ठाऊक.

शेठनी काढून टाकलं नाही. छडा लागेपर्यंत ट्रेसिंगच्या टेबलाला हात लावायचा नाही, फोल्डिंग खात्यात बसायचं. घड्या घालायच्या. दिवसभर घातल्या. कालपर्यंत माझ्याकडे पेन्सिल मागायला येणारे आज पलीकडून वळसा घालून गेले. मी चोर? मी?

४ ऑक्टोबर, शनिवार
काल प्र.ना काही बोलले नाही. आज बोलले, कारण साडी आता बाजारात आहे, त्यात कसलं गुपित? येताना दुकानातून तीच साडी घेतली आणि त्यांच्यासमोर पसरली. म्हटलं, ही माझी करडई, ही तुमच्या मिलमध्ये छापली गेली आणि चोर मी ठरले.

ते उभे होते ते खाली बसले. "हाई तं मीच करेल शे."

याचे स्क्रीन त्यांनीच बनवले! बारा वर्षांच्या संसारात त्यांनी माझं काम पहिल्यांदा पाहिलं ते असं. आणि त्यादिवशी जेवताना 'काय हात शे' म्हणाले, तो हात माझा होता. मला रडू यावं की हसू हेच कळेना. आधी रडले, मग हसले, मग परत राग आला. आमच्या इमानदारीनेच आम्हाला आंधळं केलं. बोलत असतो तर त्याच दिवशी पकडलं असतं.

प्र. म्हणाले, "तू चोर नही शे, हाई माले माहीत शे." म्हटलं, तुम्हाला माहीत असून उपयोग नाही, शेठला माहीत पाहिजे.

५ ऑक्टोबर, रविवार
सकाळी साडी उन्हात धरली. इतके दिवस नुसत्या फुलाकडे बघून जळत होते, पानाकडे लक्षच गेलं नव्हतं.

पान जांभळं आहे.

जयंतीभाईंनी नापास केलेलं पान! चोराने टाकलेला माल उचलला. मला विकायचंच असतं तर पास झालेलं विकलं असतं, वांगं कशाला विकेन? म्हणजे माझ्या ट्रेसिंगवरून काही गेलं नाही. गेलं ते पहिलं सॅम्पल. आणि ते नापास झाल्यावर टाकाऊ तुकड्यांच्या टोपलीत गेलं होतं, सगळीच जातात तशी.

प्र.नी पान पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांच्या मिलमध्ये ते कुठून आलं हे त्यांना माहीत आहे, चेहऱ्यावर दिसत होतं. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. म्हणूनच विचारलं नाही. ते त्यांच्या मिलचं मीठ खातात. माझं नाव धुवायला त्यांचं का मळवू? माझ्या मिलमधून बाहेर गेलंय, मी माझ्या मिलमध्येच शोधीन.

फार कठीण गेलं हे. दिवसभर तोंडाशी येत होतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार
फोल्डिंगमध्ये बसवलं ते बरंच झालं. शिक्षा म्हणून बसवलं आणि बसवलं नेमकं तिथेच जिथून चोरी होते!

खात्याच्या मागच्या दाराशी चिंधीची पोती बांधतात. फाटका माल, कडा, डागाळलेले तुकडे, आणि त्यातच टोपलीतली नापास सॅम्पल. अख्खीच्या अख्खी. कुणी फाडत नाही, कुणाला काही वाटत नाही. टाकलं म्हणजे संपलं असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटत होतं. पोती चिंधीवाल्याकडे जातात.

संध्याकाळी कोंडाबाईकडे गेले. ती परभणीकडची, घरी बसून गोधड्या शिवते. चिंध्या त्याच चिंधीवाल्याकडून आणते. अर्धी गोधडी पसरलेली होती आणि मी बघतच राहिले. ज्या पार्ट्यांचा, म्हणजे जयंतीभाईंसारख्या व्यापाऱ्यांचा, माल अजून छापायचाय त्यांची सॅम्पल तिथे टाक्यांनी जोडलेली. आमच्या मिलचा शिक्का कडेला आहे तसा. आणि मधोमध, झकास जागी, मास्तरांची मोराची बुट्टी. ती तर अजून पार्टीलाही दाखवलेली नाही; बिघडलेला छाप टोपलीत गेला असणार.

कोंडाबाई म्हणाली, "चांगलं चांगलं आमच्या हाती कुठं लागतंय बाई? शनवारी मिलीतले सायेब येऊन आधी निवडून नेतेत, मंग आम्ही." कुठल्या मिलचे ते तिला ठाऊक नाही. एका नाही, बऱ्याच म्हणे.

गोधडी उसनी मागितली. का ते सांगितलं. तिचा एकच प्रश्न, चिंध्या बंद तर होणार नाहीत ना? म्हटलं, नाही होऊ देणार.

९ ऑक्टोबर, गुरुवार
आजचा दिवस माझा. सगळं लिहिते.

शेठच्या केबिनमध्ये शेठ, मास्तर आणि जयंतीभाई. मी गोधडी काखेत मारून आत गेले. मास्तर म्हणाले, झोपायला आल्या का रजनीबेन. आधी बाजारातली साडी पसरली आणि जयंतीभाईंना म्हटलं, फूल सोडा, पान बघा. त्यांनी चष्मा वर केला, वाकले आणि खो खो हसायला लागले. "आ तो मारुं रींगणुं!" आपणच नाकारलेलं वांगं त्यांनी बरोबर ओळखलं.

शेठ इतक्यात मानणारे नाहीत. म्हणाले, ते सॅम्पल तूच घरी नेलं असशील. मग गोधडी उघडली. चिंधीची पोती, शनिवारची निवड, कुणाकुणाच्या पार्टीचे तुकडे, एकेक सांगितलं. मग मास्तरांच्या मोरावर बोट ठेवलं. म्हटलं, हा मोर पण मीच नेला का?

मास्तर आपल्याच मोराकडे टक लावून बसले. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मनापासून बरं वाटलं.

शेठ उठले आणि म्हणाले, उद्यापासून आपल्या टेबलावर. माफी नाही मागितली, पण उठून उभे राहिले. जयंतीभाई बाहेर पडताना म्हणाले, पुढचं काम पण हीच बेन करेल.

इथे संपलं असतं तर पेढे वाटले असते. पण मास्तर आणि जयंतीभाई गेल्यावर शेठनी मला थांबवलं. हळू आवाजात, अगदी गोड. "आपका घरवाला तो उधर ही है. उनका एक नया डिझाईन ले आओ, हिसाब बराबर." पगारात बघतो असंही म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "शेठ, ज्या कामासाठी गेल्या शुक्रवारी मला चोर म्हणालात, तेच काम आज मला सांगताय?"

ते टेबलावरचे कागद सारखे करायला लागले. मग म्हटलं, मी नवऱ्याला त्याच्या मिलचं विचारत नाही. काल माझी नोकरी जात होती तेव्हाही नाही विचारलं. ज्या दिवशी विचारीन त्या दिवशी तुमचंही तिकडे जायला लागेल, हे ध्यानात घ्या.

त्यांनी गोधडी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, ठीक आहे, जा. दाराशी गेल्यावर पुन्हा हाक. मला वाटलं गेली नोकरी. तर विचारतात, त्या पोत्यांचं काय करायचं?

सांगितलं. नापास सॅम्पल आधी काळ्या रंगात बुडवायचं, मग पोत्यात. आपलंही आणि पार्टीचंही. आणि आपल्यातला कुणीही शनिवारी चिंधीवाल्याकडे निवडायला जाणार नाही. मास्तरसुद्धा. हे शेवटचं मी अंदाजाने म्हटलं, पण शेठच्या चेहऱ्यावरून अंदाज खरा निघाला.

११ ऑक्टोबर, शनिवार. दसरा
मिलमध्ये यंत्रांची पूजा. शेठनी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं की रजनीबेनवर घेतलेला संशय चुकीचा होता. सगळ्यांसमोर! नवा नियमही सांगितला. माझ्या ब्रशांना हळदकुंकू लागलं. मास्तरांनी स्वतः फाफडा-जलेबीची डिश आणून दिली, म्हणाले, मोराला पण काळं करू या. मी दोन जलेब्या जास्त खाल्ल्या.

कोंडाबाईला गोधडी परत दिली. आता काळ्या चिंध्या येतील म्हटल्यावर ती म्हणाली, बरंय, मळ दिसायचा नाही.

प्र.च्या मिलमध्ये काहीतरी शिजतंय. ते विचारात आहेत. मी विचारत नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार
जयंतीभाईंची बातमी: जांभळ्या पानाची साडी बाजारात पडून आहे. दुकानदार तिला 'रींगणवाळी' म्हणतात, गिऱ्हाईक हसून बाजूला सारतं. आमची हिरव्या पानाची लग्नसराईला हातोहात जातेय. आणखी माल छापायला दिला. आप्पा असते तर दहा गाड्या फुकट रंगवून दिल्या असत्या. इतका आनंद झाला की वाटेत उधन्याला उतरून उगाच जिलबी घेतली. या महिन्यात फार जिलबी झाली.

१९ ऑक्टोबर, रविवार
आज प्र. स्वतःहून बोलले.

काल त्यांच्याकडे पुन्हा एक सॅम्पल आलं, या वेळी कडा कापायची राहिलेली, तिच्यावर दुसऱ्याच कुठल्या मिलचा शिक्का. त्यांनी स्क्रीन बनवायला नकार दिला. साहेबांना म्हणाले, हे कुणाचं आहे ते कळल्याशिवाय मी हात लावणार नाही, यामागे कुणीतरी बसून काढलेलं असतं. साहेब म्हणाले, बायको निर्दोष सुटली म्हणून चढलास का. उद्या त्यांच्या शेठपुढे उभं राहायचंय.

मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं असं कर म्हणून. एका शब्दाने नाही. ऐकताना अभिमान वाटला आणि भीतीही, दोन्ही एकदम. आमच्या शेठनी परवाच निरोप दिला होता, नवऱ्याला इकडे आण, जागा आहे. सांगितला. प्र.नी मान हलवली. आत्ता इकडे आलो तर लोक म्हणतील तिकडची डिझाईनं घेऊन आला. खरंच आहे.

लोखंडी इस्त्रीत कोळसे घालून शर्ट कडक केला त्यांनी. लग्नाला निघाल्यासारखे. म्हटलं, उद्या कामावरून काढलंच तर दुपारीच घरी याल, मी अर्धी सुटी घेऊ का?

"दुपारले उनू तरी आन संध्याकायले उनू तरी, सांगीसनच येसू."

म्हटलं, त्यांच्या शेठना तोंडावर सांगूनच येणार असाल, तर मग मी कामाला जाते. किल्ली कोंडाबाईकडे ठेवीन.