आल्मेंद्रोस गल्लीतील सीलबंद हौद

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
डासनिर्मूलन कक्ष, नगर आरोग्य कार्यालय,
एल कारीसाल, वेराक्रुझ.

विषय : आल्मेंद्रोस गल्ली, घर क्र. १४ येथील पुरावा म्हणून सील केलेला हौद रिकामा केल्याबाबत व अळीनाशक दाण्यांचा पुरवठा पुन्हा सुरू होण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. ७ ऑक्टोबर २०१९ चे पत्र, "घर क्र. १४ ची भेट सलग चार फेऱ्या प्रलंबित का, याचा लेखी खुलासा करावा."

महोदय,

मी, हेर्मेलिंदा सामूदिओ तेहेदा, वय ४४, आपल्या कक्षात सहा वर्षे घरभेटीचे काम करते. मागितलेला खुलासा पुढे देत आहे. डावखुरी नसताना डाव्या हाताने लिहीत असल्याने अक्षर वाकडे आले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

१. या गल्लीत सत्तावीस घरे आहेत. नळाला पाचव्या दिवशी पाणी येते, तेही तासभर. त्यामुळे घरोघरी सिमेंटचा हौद आणि दोन-तीन पिंपे भरलेली असतात. पाणी ओतून हौद घासा, असे आम्ही सांगतो तेव्हा बायका आमच्या तोंडाकडे बघतात, आणि त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. कचऱ्याची गाडी फेब्रुवारीपासून आलेली नाही. तीन घरांचे मालक उत्तरेला कामाला गेले. त्यांच्या कुलूपबंद अंगणात काय साचले आहे ते कोणालाच माहीत नाही. खंडणीवाल्यांच्या भीतीने लोक अनोळखी माणसाला दार उघडत नाहीत. हे सर्व आम्ही दरमहा तक्त्यात भरून दिले आहे. तक्ता भरून दिला की पुढच्या महिन्याचा कोरा तक्ता मिळतो.

२. दि. १९ ऑगस्ट रोजी मी व माझे सहकारी निकान्द्रो ओल्गीन (वय ५२, सेवा एकोणीस वर्षे) यांनी घर क्र. १४ ला भेट दिली. हौदात अळ्या होत्या. दाण्यांची पुडी टाकली, झाकण करून घ्यायला सांगितले. घरमालकीण रोसाल्बा चासारो म्हणाल्या, "सुताराला सांगते." आठ दिवसांनी त्यांची मुलगी इत्सेल, वय ९, तापाने पडली. पाचव्या दिवशी ताप उतरला. पोरगी सुटली म्हणून रोसाल्बाबाईंनी कोंबडीचा रस्सा केला. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मीही सांगितले नव्हते. त्याच संध्याकाळी मुलीच्या नाकातून रक्त सुरू झाले ते थांबले नाही. दि. २ सप्टेंबरला ती गेली.

३. मुलीला पुरल्यानंतर गल्लीत फोनवरून एक निरोप फिरू लागला : आरोग्यवाले पाण्यात विष टाकतात, अमुक घरची पोर त्यानेच मेली. हा निरोप मी दि. ५ रोजी आपल्या कार्यालयात दाखवला होता. "असल्या निरोपांकडे लक्ष देऊ नये," असे तोंडी उत्तर मिळाले.

४. दि. ९ रोजीच्या यादीत घर क्र. १४ पहिलेच होते, कारण मृत्यू झालेल्या घरी सात दिवसांत भेट देण्याचा नियम आहे. मी निकान्द्रोंना म्हणाले, "आज नको. पुढच्या आठवड्यात बघू." ते म्हणाले, "मेलेल्या पोरीच्या घरी माणसं जातात, हेर्मे. आपण काय माणसं नाही?" दारात त्यांनी टोपी काढली. रोसाल्बाबाईंनी आम्हाला आत घेतले, कॉफी ठेवली. दुपारचे तीन वाजले होते.

५. कॉफी उकळते आहे तोवर रोसाल्बाबाईंचा भाऊ आबुन्दिओ चासारो (घर क्र. १६) अंगणात आला. त्याला निकान्द्रोंच्या हातात पुडी दिसली. "हेच ते! हेच दाणे! भाचीला खाल्लंत, आता बहिणीला खायला आलात?" असे तो ओरडला. कुंपणावरून पाच-सहा जण आले, मग वीस, मग मी मोजले नाहीत. एकाच्या हातात फावडे होते, दोघांकडे उसाचे कोयते होते.

निकान्द्रो घाबरले नाहीत, किंवा त्यांनी दाखवले नाही. ते म्हणाले, "थांबा, भाऊ. विष असेल तर आधी मी मरतो." त्यांनी हौदातले मगभर पाणी घेतले आणि घटाघटा प्यायले. फावडेवाल्याने फावडे खाली टेकवले. त्या क्षणाला आम्ही निघून गेलो असतो तर, असा विचार मी रोज करते. मागून कोणीतरी म्हणाले, "यानं आधीच उतारा घेतलाय."

आबुन्दिओने त्यांची मान धरून डोके हौदात घातले. "पी! सगळं पी!" वर काढले, पुन्हा घातले. तिसऱ्या वेळी निकान्द्रोंचे कपाळ हौदाच्या कडेवर आपटले. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मग फवारणीचा पंप उचलून कोणीतरी त्यांच्या डोक्यात घातला, आणि एकाने घातला म्हणून दुसऱ्याने घातला. मी आडवी गेले. फावड्याने माझा उजवा हात कोपराखाली मोडला, कोयत्याने दोन बोटे गेली. मी खाली पडल्यावर माझ्या अंगावर कोणीतरी पडले. मला वाटले, मी संपले. त्या रोसाल्बाबाई होत्या. मला झाकून त्या ओरडत होत्या, "आता मला मारा! पोर माझी गेलीय, तुमची नाही! मारा!" त्यांच्या पाठीवर दोन काठ्या पडल्या, मग बंद झाल्या. पोलीस एक तास चाळीस मिनिटांनी आले, तेव्हा निकान्द्रोंचा जीव गेलेला होता. चुलीवरची कॉफी तोवर जळून कोळसा झाली होती.

६. चौघांना अटक झाली. आबुन्दिओ पळाला. रोसाल्बाबाई बहिणीकडे, घर क्र. २० मध्ये राहू लागल्या. पोलिसांनी घराला कुलूप लावले आणि हौदाला पिवळी फीत बांधून वर सहीशिक्क्याचा कागद चिकटवला. आतले पाणी तसेच राहिले. सप्टेंबरभर पाऊस पडला.

७. दि. २१ सप्टेंबरपासून घर क्र. १२, १५, १६ व २० येथे ताप सुरू झाला. पैकी क्र. १६ मधील मुलगी पालोमा, वय दोन वर्षे, ही आबुन्दिओची आहे. तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागल्याने तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवले. मी हात गळ्यात बांधून कुंपणापलीकडून पाहिले. त्या हौदात अळ्या इतक्या होत्या की पाणी उकळल्यासारखे हलत होते.

मी पोलीस ठाण्यात गेले. तेथील कारकून म्हणाले, "हौद पुरावा आहे बाई. पुराव्याला हात लावायचा नसतो."
मी म्हणाले, "पुराव्यात अळ्या झाल्यात."
ते म्हणाले, "मग त्याही पुरावाच."

तेथून मला आपल्या कार्यालयाकडे पाठवले. आपल्या कार्यालयाने जागा ताब्यात नसल्याचे सांगून घरमालकिणीचे संमतीपत्र मागितले. ते आणल्यावर, यादीत घर "बंद" असल्याने बंद घराचे संमतीपत्र चालत नाही असे सांगितले. त्यानंतर दि. ७ चे आपले पत्र आले, की मी त्या घरी का जात नाही.

८. म्हणून दि. १२ ऑक्टोबर रोजी सकाळी दहा वाजता मी गेले. सर्वांदेखत कुंपण ओलांडले, सीलचा कागद फाडला आणि डाव्या हाताने बादलीने पाणी उपसू लागले. अर्धा हौदही झाला नव्हता, तेव्हा मागून आवाज आला, "बाई, तुमचा हात तुटलाय. बाजूला व्हा." आबुन्दिओ होता. दाढी वाढलेली, उसाच्या शेतात झोपल्याने अंगभर ओरखडे. पोरीला दवाखान्यात नेल्याचे कळले म्हणून परत आला होता.

माझ्याजवळ पाइप फिरवायचा लोखंडी पाना होता. तो मी उचलला होता, हे प्रामाणिकपणे नमूद करते. त्याने पान्याकडे पाहिले आणि तरी बादली घेतली. त्याने सगळे पाणी काढून उन्हातल्या वाळूवर ओतले. पाना माझ्या हातातच राहिला.

तळ दिसल्यावर मी ब्रश दिला. अंडी भिंतीला चिकटलेली असतात, सुकली तरी महिनोन् महिने जगतात, नुसते पाणी ओतून भागत नाही, हे मी त्याला कामात सांगते तसेच सांगितले. कडेजवळ एक तपकिरी डाग होता. तो निघेना. त्याने विचारले, "हे काय आहे?"

मी म्हणाले, "निकान्द्रो आहे. घासा."

त्याने घासले. बराच वेळ घासले. मग तो हौदातच खाली बसला आणि म्हणाला, "पोलिसांना बोलवा. फक्त पालोमा घरी येईपर्यंत थांबा म्हणावं." मी थांबले नाही. तिथूनच फोन केला. या वेळी ते वीस मिनिटांत आले. ते येईपर्यंत तो हौदातून उठला नाही. मी केले ते योग्य की अयोग्य, हे मला ठरवता आलेले नाही. मुलगी जिवंत आहे. डॉक्टर आणखी काही सांगत नाहीत.

९. सबब खालीलप्रमाणे कळवते व विनंती करते.

सील मी तोडले. त्यात रोसाल्बाबाईंचा किंवा गल्लीतील कोणाचाही हात नाही. पुरावा नष्ट झाला असल्यास तो मी केला.

आपल्या हजेरीपटात निकान्द्रो ओल्गीन यांच्या नावासमोर दि. ९ सप्टेंबरपासून "विनापरवानगी गैरहजर" असा शेरा आहे. तो खोडून "कर्तव्यावर असताना मृत्यू" असे लिहावे. त्यांच्या पत्नीला या शेऱ्याची नक्कल पोस्टाने पाठवली गेली, हे आपणास माहीत नसावे अशी मी समजूत करून घेतली आहे.

गल्लीतील उरलेली राहती घरे नऊ सप्टेंबरपासून कोणालाही दार उघडत नाहीत. काल रोसाल्बाबाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "मी पुढे चालते, तुम्ही मागे या. माझ्या तोंडावर कोण दार लावतंय बघू." त्यांच्या पाठीवरचे वळ अजून गेलेले नाहीत. उद्या सकाळी आठ वाजता आम्ही दोघी घर क्र. १ पासून सुरुवात करत आहोत. माझा पुरवठा आपण चौकशी होईपर्यंत थांबवला आहे. तरी कृपा करून साठ पुड्या उद्या साडेसातपर्यंत द्याव्यात. नाही मिळाल्या तर आम्ही ब्रश आणि बादली घेऊन जाऊ.

माझ्यावर जी कारवाई करायची ती अवश्य करावी. फेरी सत्ताविसाव्या घरापर्यंत पोचली की मी स्वतः कार्यालयात हजर होईन.

आपली नम्र,
हेर्मेलिंदा सामूदिओ तेहेदा
(सही डाव्या हाताची)
एल कारीसाल, दि. १४ ऑक्टोबर २०१९

सोबत :
१) रोसाल्बा चासारो यांचे संमतीपत्र, आपण परत केलेले.
२) सीलचा फाटलेला कागद, दोन तुकडे.
३) सप्टेंबरचा घरभेटीचा तक्ता, दि. ९ पर्यंतचे अक्षर निकान्द्रो ओल्गीन यांचे.