वाऱ्याविरुद्धचे बाण

२ मार्च
पोचलो एकदाचा! नोकरी मिळाली, खोली मिळाली, खिडकीत अख्खा समुद्र मिळाला, वर पगारही देणार म्हणे. समोरच्या बेटावरचं रडार केंद्र ताई सांभाळते, किनाऱ्यावरचं हे आता माझ्याकडे. लोक वशिल्याचा म्हणतील मला, असं फोनवर म्हणालो, तर ती म्हणाली, की या जागेसाठी दुसऱ्या कोणी अर्जच केला नव्हता, तेव्हा उगाच हवेत जाऊ नकोस. आईबाबांच्या मागे तिनेच मला वाढवलंय. माझी किंमत तिला बरोबर ठाऊक आहे.

४ मार्च
वाळूत रडारचे खांब रांगेने उभे आहेत. त्यांच्या तारांवर कपडे वाळत घालायचे नाहीत, ही ताईची पहिली सूचना. खांबांतून निघालेल्या लहरी समुद्राच्या लाटांवर आपटून परततात आणि वरचं पाणी किती वेगाने वाहतंय ते सांगतात. एकट्या केंद्राला एवढंच कळतं, की पाणी आपल्याकडे येतंय की लांब जातंय. दोन्हींची मापं जुळवली, की नकाशावर बाण उमटतात. वारा पाण्याला किती ओढतो, ते आम्ही मोजतो. आज वारा जिकडे, जरासे कलून सगळे बाण तिकडे. शाळेतल्या कवायतीसारखे. मजा वाटली.

७ मार्च
नकाशाच्या मधोमध बाणांचा एक पुंजका उलटा दिसतोय. वारा जमिनीवरून समुद्राकडे, आणि हे बाण थेट माझ्याकडे. तारांवर मीठ साचलं असणार, असं ताईचं म्हणणं. आळीपाळीने केंद्रं बंद करून तारा पुसायचं ठरलं. आज कामाला जुंपला गेलो म्हणायचं.

८ मार्च
मीठ नव्हतं.
ताईने तिचं केंद्र बंद केलं, तेव्हा ते पाणी माझ्याकडे येत होतं. मी माझं बंद केलं, तर वळून तिच्याकडे निघालं. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. दोन्ही बंद ठेवून पुन्हा चालू केली, तर आहे त्या वाटेने पुढे सरकलेलं, आणि मधल्या वेळात ते आम्हाला दिसलंही नाही. दोन्ही चालू असली, की मात्र मधोमध थांबतं. ताई हसली. घाबरली की ती अशीच हसते. मलाही भीती वाटतेय.

१० मार्च
ताईला आणायला गेलेला लाँचवाला अर्ध्यातून परत आला. वारा पडलेला, समुद्र सपाट, आणि मधूनच एक पट्टा धो धो वाहतोय, म्हणाला. त्यात इंजिन पूर्ण जोरात असूनही लाँच मागे मागे जायला लागली. पाण्याखाली काही होतं का, असं विचारलं. त्याने पाण्याकडे पाठ फिरवली. पुन्हा जाणार का, असं विचारलं, तर लाँचची किल्ली माझ्या हातात कोंबून चालता झाला.

११ मार्च
आता मधोमध थांबत नाही. बेटाकडे सरकतंय, भर उन्हात. ताईने तिच्या केंद्राचा जोर वाढवलाय. मुद्दाम! फोनवर वाट्टेल ते बोललो तिला. तिने ऐकून घेतलं आणि सांगितलं, की तुझं बंद कर आणि पहिल्या गाडीने निघ.
माझ्या मागे रस्ता आहे. तिच्या चारी बाजूंना पाणी. मी बंद करू?

१२ मार्च
मीही जोर वाढवला. वळलं. माझ्याकडे येतंय. येऊ दे —
ताईला थाप मारली, की केंद्र बंद केलंय, गाडीत बसलोय.

दुपारी
थाप पकडली. पाणी लांब जाताना दिसलं तिला. आता तिनेही होता नव्हता तो जोर लावलाय. बंद कर म्हणते. मी म्हणतो, आधी तू. शेवटच्या घासावरून असंच भांडायचो आम्ही, तू खा, तू खा —
मापं जुळवणारी लाइन तुटली. नकाशा गेला. आता ज्याचं त्याला दिसणार.

थोड्या वेळाने
येतंय. माझ्याकडेच. वेगाने. ताई सुटली —
अंगणात पाणी —
ताईचा फोन. रडतेय, हसतेय. वाचलास रे, म्हणते, माझ्याकडे वळलं, इथे दारापर्यंत —
तिकडेही?
ती विचारतेय, आता तरी गाडी मिळाली का. मी हो म्हणा