वैऱ्याच्या डोक्यावरचे निखारे

प्रिय आई,

प्रभूच्या कृपेने मी बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

लाँड्रीतल्या मुकादमाने स्वतः शर्ट जाळला आणि आळ माझ्यावर घेतला. इस्त्रीचं काम गेलं, आता मी धुण्याच्या हौदावर असते. हात सोलवटलेत, पण काळजी करू नकोस.

तोच मेला आता पाय मोडून शेजारच्या खोलीत पडलाय. तूच शिकवलंस ना, वैरी भुकेला असला तर त्याला जेवू घाल, म्हणजे त्याच्या डोक्यावर निखारे रचले जातात? म्हणून रोज सूप नेते आणि त्याचं टाळकं बघत बसते. लाजेल, रडेल, माफी मागेल! कसलं काय, काल म्हणाला, "मीठ कमी आहे."

पाळकांना विचार, निखारे पेटायला किती वेळ लागतो?

तोवर सूप बंद करणार नाही. मीठही वाढवणार नाही.

तुझी धाकटी