कपाशीचा गुलाब

२८ सप्टेंबर
सगळे फोटो हललेले! पुण्याच्या गोदामात खोके उचलून हात थरथरतेत माहे. सुट्टीत पोरगी पाहाले आलो अन् बापाच्या वावरात फुलापुढं उकिडवा बसून राह्यलो. गोदामातला दोस्त बबलू म्हणते — श्वास धर, दनादन काढ, एक तर नीट येतेच. आला! कपाशीचं फूल, पण साधं नाही. बाकीची तोंड वासून बसलेली, बावळट. हे मिटलेलं, पाकळ्या गुंडाळलेल्या — गुलाबाच्या कळीवानी.

२९ सप्टेंबर
फोटो कसा सजवायचा ते बबलूनं फोनवर शिकवलं. "पहिले काप, आजूबाजूचा कचरा नको. उजेड जरासा कमी. मागचं धूसर. शेवटी धार — मिठावानी, चिमूटभर!" मी मूठभर टाकली. पाकळीच्या घडीत तिळाएवढा पांढुरका डाग होता. बोटानं घासला — गायब! देवाची चूक दुरुस्त केली, आठवी नापास माणसानं.

बा सोयाबीन काढून थकलेला. फोटो पाहून म्हणे, "कोनाच्या बगीच्यातलं हाय रे?"

आपल्याच कपाशीतलं, बा!

१ ऑक्टोबर
स्टेटस टाकलं: 'कपाशीचा गुलाब'. सारा तांडा पाहून राह्यला. गोदामाच्या सायबानं लिहिलं, 'निसर्गाची जादू'. निसर्ग कायचा, अर्धं मीच केलं!

याडी — माही माय — म्हणते, "फुलाईचे फोटो काढनारा जावई रामलालले चालन का?" रामलाल ढाणकीकडचे. त्यांची शीला मागच्या रविवारी पाह्यली. मले लय पसंत. तिचं उत्तर नाही. म्हणून तिलेच धाडला फोटो.

२ ऑक्टोबर
उत्तर नाही. रंग आणखी वाढवून परत धाडला.

४ ऑक्टोबर
शीलाचा फोन! मी आवाज जाड केला.

"हा रंगवलेला दिसते. पहिलेचा फोटो हाय का?"

"त्याच्यात घाण होती."

"मंग ती घाणच पाठवा."

धाडला. लगेच परत फोन. "ही डोमकळी हाय. आत बोंडअळी असते, म्हून फूल उघडत नाही. अन् तुमी अळीच पुसली! बापाले सांगतलं का?"

सांगतलं! मी तर त्याले पुसून दाखवली होती.

बाले मूळ फोटो दाखवला. सोयाबीन तसंच टाकून तो कपाशीत गेला. एक डोमकळी तोडली, नखानं उकलली. वळवळत होती. "आठवडा गेला," एवढंच म्हणाला. शिवी देल्ली असती तर बरं झालं असतं.

५ ऑक्टोबर
याडी, बा अन् मी डोमकळ्या तोडून राह्यलो. तोडायच्या, बादलीत टाकायच्या, वावराबाहेर जाळायच्या. हरेक ओळीत गुलाबच गुलाब! बा म्हणते, किती बोंडं हाती लागतीन ते आता सांगता येत नाही. बबलूचा मेसेज — 'दुसरा फोटो कधी?' उद्या माही पुण्याची गाडी. शीलाकडून हो-नाही काहीच आलं नाही.

६ ऑक्टोबर
सकाळीच शीलाचा फोन. "आमच्या कपाशीत बी अळी निघाली. तोडाले मानसं कमी हायत. येता का?"

ढाणकीच्या एसटीत बसून लिहून राह्यलो.