खिडकीतून दिसणारा डोंगर

प्रिय नोमिन,

मेंढ्या व्यायला लागल्या आहेत. काळ्या शेळीला यंदा जुळं झालं. घरभर ओल्या लोकरीचा वास आहे, तू नाक दाबशील असा. तू पाठवलेले मोजे घालून चुलीपाशी बसते.

सोमवारी तालुक्याच्या सभागृहात सुनावणी झाली. खाणीसाठी राखीव रानाची हद्द मागे सरकवणार आहेत. म्हणजे आपला डोंगर हद्दीबाहेर पडणार, आणि मग फुटणार. आम्ही सगळे सणाचे अंगरखे घालून गेलो. अधिकारी पोरसवदा, बोलायला गोड. म्हणाला, "विरोध आहे ना? मग डोंगराचं नाव सांगा. नुसतं मानानं खैरखान म्हणून भागत नाही आजी, असा खैरखान दर तालुक्यात एक आहे."

खिडकीतून डोंगर समोर दिसत होता. त्याच्या देखत त्याचं नाव कोण घेणार? लुव्सान आजोबा म्हणाले, "साहेब, तुमची बायको सासऱ्याला नावानं हाक मारते का हो?" सगळे हसले. तोही हसला. मग कंपनीच्या माणसानं ते नाव घेतलं, पुन्हा पुन्हा, स्वच्छ, आणि आम्ही माना खाली घातल्या.

नाव घ्यायचंच, असं मी घरून ठरवून गेले होते. उभी राहिले. "आमचा खैरखान," एवढंच म्हणाले आणि बसले. डोंगराच्या नावानिशी हरकत कोणाचीच नाही, असं अधिकाऱ्यानं वाचून दाखवलं. परतताना आजोबा घोड्याला शिव्या देत होते. तेव्हापासून मी, डोंगर दिसतो त्या दाराकडे पाठ करून बसते.

नव्या वर्षाच्या सणाला तू दारात उभी राहून ते नाव सहज बोलून गेलीस. मी पाहुण्यांसमोर म्हणाले, "शहरात जाऊन हिच्या जिभेला हाडच राहिलं नाही." तू वाटीतला चहा अर्धा टाकून उठलीस. मी वाटी विसळून ठेवली, तुझ्यामागे आले नाही.

शेवटची सुनावणी राजधानीत आहे, तुझ्याच शहरात, पुढच्या शुक्रवारी. मी येईनही, पण तिथंही माझं तोंड उघडणार नाही, हे मला आता कळलं आहे. तुझ्या खिडकीतून डोंगर दिसत नाही. ज्यासाठी तुला चारचौघांत बोलले, तेच आज तुझ्याकडे मागते आहे. मला ते नाव इथं लिहिताही येत नाही, दार उघडं आहे. तुला ठाऊक आहे ते. तू घे. मोठ्यानं घे.

तुझीच,
आई