भोवऱ्याचा हट्ट आणि योस्टचे राहिलेले बिस्कीट

काल टपालाने आले: दिवंगत यजमानांचे तीनशे पानी हस्तलिखित, सोबत दीर लोडेवाइक यांची चिठ्ठी, "वहिनी, घर विका आणि छापा. दादांचे जगात नाव होईल." पंधरा सेंट टपालखर्च माझ्याच माथी.

म्हणून मी, ग्रीत्ये मूलेनार, वय चौसष्ट, राहणार लायडन, देवाच्या कृपेने डोके ठिकाणावर असताना, स्वतःच्या अकलेने हे मृत्युपत्र लिहून ठेवते की,

१. घर छपाईसाठी विकायचे नाही. यजमान एव्हर्ट शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. इलेक्ट्रॉन म्हणजे स्वतःभोवती गरगरणारा चिमुकला गोळा, हा त्यांचा हट्ट; वर्गात पितळी भोवरा फिरवून दाखवत. मी मॅट्रिकच, पण वाण्याचे बिल तपासणारी बाई गुणाकाराला भीत नाही. त्यांनीच लिहिलेला आकार धरला, तर मोजलेले चुंबकत्व यायला गोळ्याची कड प्रकाशाच्या शंभराहून अधिक पट वेगाने धावली पाहिजे. प्रकाशापुढे काही धावत नाही, हेही त्यांनीच शिकवलेले! शिवाय भोवरा कसाही कलतो. इलेक्ट्रॉनही तसाच कलत असता, तर प्रयोगात चुंबकातून सोडलेल्या चांदीच्या अणूंचा काचेवर पसरट डाग पडायला हवा होता. पडल्या दोनच रेघा. म्हणजे हे गरगरणे नव्हेच. वस्तुमानासारखा अंगचाच गुण आहे, आणि जुन्या भौतिकशास्त्रात त्याला जागा नाही. परमेश्वराच्या निर्मितीने मास्तरांच्या भोवऱ्यासारखे वागावे, हा कसला उद्दामपणा!

२. पाच वर्षांपूर्वी एका रविवारी, चर्चहून आल्यावर, लेक आलाइडाला मागणी घालायला आलेला योस्ट कॉफी पिताना एवढेच बोलला, "सर, तुमच्या गोळ्याची कड प्रकाशालाही मागे टाकेल हो."

"वा पंडित! आता तुम्ही शिकवा आम्हाला," म्हणत यजमानांनी बिस्किटांच्या डब्याचे झाकण त्याच्या बोटांसमोर खटकन लावले. आमच्याकडे कॉफीबरोबर एक बिस्कीट वैऱ्यालाही मिळते. लग्नाला आम्ही गेलो नाही. आलाइडाची पत्रे न फोडता परत पाठवली. माझ्याच हाताने.

३. काल हस्तलिखिताच्या शेवटच्या पानामागे तोच गुणाकार निघाला. अक्षर यजमानांचे, उत्तर बरोबर, तारीख त्या रविवारच्या आठ दिवस आधीची. देव त्यांना क्षमा करो. मला घाई नाही.

४. हस्तलिखित दिरांना, ते पान सर्वांत वर शिवून. पितळी भोवराही त्यांनाच. कागदावर वजन म्हणून चालेल. घर आलाइडा व योस्ट यांना. डबा योस्टला, त्याच्या राहिलेल्या बिस्किटासह.

साक्षीदार: वाउटरिना डेकर, शेजारीण, हुबर्ट ब्लॉम, पाववाले.
सही: ग्रीत्ये मूलेनार
लायडन, १० नोव्हेंबर १९३१

ता. क. आलाइडा, याची प्रत तुला पाठवते आहे. मी गेल्यावर येऊ नकोस, आधी ये. रविवारी, दोघेही, कॉफीला. हे उघड्या कार्डावरही वेगळे लिहिते. पाकीट न फोडता परत करायला तू माझ्याकडूनच शिकलीस. येणार का, उलट टपाली कळव.